दुसरा दगड कोणापाशी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत जादूच्या वस्तूंची जी लांबलचक यादी दिलेली आहे, तीत 'सेंडिंग स्टोन्स' नावाच्या दोन गुळगुळीत दगडांची एक जोडी असून तिचा नियम अवघ्या पाच-सहा वाक्यांत संपतो. आणि तरीही, अद्भुताच्या राज्यात मोहीम चालविणाऱ्या सूत्रधाराला संदेशवहनाविषयी जे काही शिकून घ्यावयाचे असते, ते बहुतेक सारे त्या पाच-सहा वाक्यांत सामावलेले आहे, असे माझे मत आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध केलेला हा खेळ ज्यांना अपरिचित असेल, त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एकजण 'डंजन मास्टर' होतो, म्हणजे जगाची, त्यातील राजेरजवाड्यांची, राक्षसांची आणि हवामानाची सर्व जबाबदारी स्वतःकडे घेतो, आणि बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राच्या मुखाने बोलतात व फासे टाकून नशिबाची परीक्षा पाहतात. या डंजन मास्टरला मी पुढे सूत्रधार म्हणणार आहे. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

नियम असा. जोडीतील दोन्ही दगड परस्परांशी जुळतील असे घडविलेले असतात, त्यामुळे जोडी कोणती हे पाहताक्षणीच ध्यानात येते. ज्याच्या हाती एक दगड आहे त्याने त्याला स्पर्श करून त्यातून 'सेंडिंग' हा मंत्र सोडला, की पंचवीस शब्दांपर्यंतचा मजकूर दुसरा दगड बाळगणाऱ्याच्या मनात उमटतो आणि त्याला तत्क्षणी तशाच रीतीने उत्तर देता येते. दुसरा दगड कोणाच्याच अंगावर नसेल तर मंत्र सुटत नाही, परंतु तो कोणापाशी नाही एवढी बातमी मात्र पाठविणाऱ्यास मिळते. एकदा देवाणघेवाण झाली की पुढचा दिवस उजाडेपर्यंत जोडी निरुपयोगी होते. आणि दोहोंपैकी एक दगड नष्ट झाला तर दुसऱ्यातील जादू लोपते. अंतराची मर्यादा कोठेही घातलेली नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. सात समुद्रांपलीकडचा मनुष्य आणि शेजारच्या खोलीतला मनुष्य या दगडांना सारखाच जवळ.

नवशिक्या सूत्रधाराकडून येथे जी चूक होते ती अशी की, तो खजिन्याच्या पेटीत दोन्ही दगड एकत्र ठेवतो आणि खेळाडूंची टोळी ते आपसांत वाटून घेते. यात नियमबाह्य असे काहीच नाही. पण त्यामुळे त्या वस्तूतील नाट्य पहिल्याच संध्याकाळी संपुष्टात येते, कारण जी माणसे प्रत्यक्षात एकाच टेबलाशी बसून चहा पीत आहेत त्यांच्या पात्रांनी एकमेकांना काय कळविले याविषयी कोणालाच उत्कंठा राहत नाही. म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना अशी की, खेळाडूंना एकच दगड द्यावा, आणि तो त्यांच्या हाती पडण्यापूर्वीच, दुसरा दगड या क्षणी कोणापाशी आहे, तो त्याच्याकडे कसा आला, आणि त्याला या व्यवहारातून काय हवे आहे, या तिन्ही गोष्टी सूत्रधाराने आपल्या मनाशी मुक्रर करून ठेवाव्यात. दुसरा दगड बाळगणारा हा मोहिमेतला एक पूर्ण अधिकाराचा इसम होय. तो केवळ तारेचे दुसरे टोक नव्हे.

तो कोण असावा? सर्वांत सुलभ उत्तर म्हणजे टोळीला कामगिरीवर धाडणारा सरदार किंवा मठाधिपती; आणि सुलभ असल्यामुळेच ते सर्वांत नीरस ठरण्याचा संभव अधिक. असा धनी ठेवायचाच असेल तर त्याला स्वतःची कामे असावीत, त्याच्या दरबारात त्याच्याविरुद्ध मसलती चाललेल्या असाव्यात, आणि त्याचे उत्तर खेळाडूंची अडचण सोडविण्याऐवजी बहुधा तीत भर घालणारे असावे. याहून मला भावणारी तजवीज निराळी आहे. रणांगणावर मरून पडलेल्या एका शत्रूच्या अधिकाऱ्याच्या कमरेच्या थैलीत टोळीला एक दगड सापडतो. उत्सुकतेने त्यातून मंत्र सोडला असता कळते की जोडीचा दगड कोणाच्याही अंगावर नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. देवाणघेवाण झालीच नसल्याने हा प्रयत्न पुनःपुन्हा करता येतो, आणि काही डाव उलटल्यावर, जेव्हा खेळाडूंच्या दृष्टीने तो प्रयत्न म्हणजे एक निव्वळ उपचार होऊन बसलेला असतो, तेव्हा एके सकाळी मंत्र सुटतो. पलीकडे कोणीतरी तो दगड उचलला आहे. आता पंचवीस शब्द वापरून बसलेल्या खेळाडूची जी त्रेधा उडते, ती घडविण्यासाठी सूत्रधाराला एकही राक्षस खर्ची घालावा लागत नाही.

नियमातील 'दगड बाळगणारा' हे पदही काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. संदेश विशिष्ट व्यक्तीला जात नसून दगड ज्याच्यापाशी असेल त्याला जातो. म्हणजे वकिलाचा खून करून कोणी त्याचा दगड पळविला तर टोळीचा पुढचा संदेश निमूटपणे खुन्याच्या मनात उमटणार. ऐकणारा पाठविणाऱ्याला ओळखत असेल तर त्याला ओळख पटते, असे मूळ मंत्रात स्पष्ट म्हटलेले आहे. परंतु उत्तर देणारा मनुष्य तोच आहे याची हमी पाठविणाऱ्यास कोठेही दिलेली नाही. ही उणीव खेळाडूंना एकदा अनुभवास आली की ते आपणहून खुणेचे शब्द ठरवू लागतात, आणि ते ठरवू लागले की सूत्रधाराने हस्तक्षेप न करता आनंदाने पाहत राहावे. पंचवीस शब्दांत खुणेसाठी दोन-तीन शब्द मोडले, की उरलेल्या बाविसांची किंमत आपोआप वाढते.

दिवसातून एकच देवाणघेवाण हीही मर्यादा वरवर दिसते त्याहून तिखट आहे. ती प्रत्येक दगडाला स्वतंत्र नसून जोडीला मिळून आहे. दुसऱ्या टोकाचा मनुष्य बडबड्या, भित्रा अथवा खट्याळ असेल आणि उजाडताच 'आज पाऊस आहे, तुम्ही कसे आहात' असे विचारून त्याने दिवसाचा वाटा संपविला, तर दुपारी वेढ्यात सापडलेल्या टोळीच्या हाती उरतो केवळ एक शोभिवंत दगड. हा प्रकार सूत्रधाराने एकदा, फार तर दोनदा करावा. त्याहून अधिक केला तर तो विनोद न राहता जाच होतो. दोन्ही टोके जगाच्या दोन बाजूंना असतील तर दिवस कोठला उजाडायचा, याविषयी नियम मूक आहेत, आणि त्या प्रसंगी सूत्रधाराने एकदा निवाडा देऊन तो मोहीम संपेपर्यंत पाळावा, इतकेच पुरे.

आता शब्दांविषयी. पंचवीस शब्दांची अट मूळ इंग्रजीत लिहिलेली असल्यामुळे मराठीत खेळणाऱ्या मंडळींना तिचा हिशेब आपल्या भाषेच्या मानाने करून घ्यावा लागतो. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात, समास तर हवा तसा लांबविता येतो, क्रियापद पुष्कळदा गाळले तरी अर्थ बिघडत नाही. सबब तितक्याच शब्दांत मराठी मनुष्य इंग्रजाहून बरेच अधिक सांगून जातो. उदाहरणार्थ: 'पूल तुटला. घाटमार्गे येतो. रसद तीन दिवसांची. किल्लेदार फितूर, विश्वास नको. उत्तरदरवाजा अमावास्येला मध्यरात्री उघडा ठेवा. ओळख: काळा कंदील. मागे ऑर्कसेना, सुमारे दोनशे. त्वरित कळवा.' हे बरोबर पंचवीस शब्द आहेत, आणि यांत मार्ग, रसद, फितुरी, वेळ, खूण आणि शत्रूचे बळ एवढे सारे आले. ही सवलत काढून घेण्यासाठी मर्यादा विसावर आणावी असे काहीजण सुचवितील. मी तसे करणार नाही. जो खेळाडू इतकी काटकसर साधतो त्याला तिचे फळ मिळालेच पाहिजे. मात्र नित्याच्या लेखनात जे शब्द जोडून येतात तेवढेच एक धरावेत, आणि केवळ मोजणीला फसविण्यासाठी तत्काळ जन्माला घातलेला आठ पदांचा समास नामंजूर करावा. 'उत्तरदरवाजा' मी मान्य करीन, 'अमावास्यामध्यरात्रदरवाजाउद्घाटन' करणार नाही.

संदेश खेळाडूने तोंडानेच सांगावा, आणि सांगण्याआधी त्याला कागदावर जुळणी करण्यासाठी फार तर एक मिनिटाचा अवधी द्यावा. सूत्रधाराने बोटांवर शब्द मोजावेत आणि पंचविसावा शब्द संपताच हात वर करून थांबवावे, मग वाक्य कोठेही तुटलेले असो. तुटलेल्या वाक्याचा अर्थ पलीकडचा मनुष्य आपल्या स्वभावाप्रमाणे लावील. ज्यांनी तार करण्याचे दिवस पाहिले आहेत अशा वडीलधाऱ्यांना हे कौशल्य शिकवावे लागत नाही, कारण आपल्या देशातील तारसेवा 2013 सालच्या जुलै महिन्यात बंद होईपर्यंत शब्दागणिक पैसे मोजण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली होती. गूढार्थाने लिहिण्याची परंपरा तर त्याहून जुनी. 1761 मध्ये पानिपतचा निकाल उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ज्या सावकारी पत्रातून कळला, त्यात पडलेल्या माणसांच्या जागी मोती, मोहरा आणि खुर्दा लिहिलेला होता. व्यापाराचा हिशेब म्हणून ते पत्र कोणाच्याही हाती पडले असते तरी मजकूर झाकलेलाच राहिला असता. मराठी खेळाडूंना सांकेतिक भाषेचा नमुना हवा असेल तर याहून चांगला मी सुचवू शकत नाही.

दगडांव्यतिरिक्त इतर साधनांचा विचार येथे थोडक्यात करतो, कारण त्या प्रत्येकाच्या वर्णनातही सामर्थ्यापेक्षा उणिवेकडेच आधी पाहावे, हा माझा दंडक तोच राहतो. 'सेंडिंग' हा मंत्र स्वतः मंत्रांच्या चढत्या क्रमातील तिसऱ्या लेव्हलचा असून जादूगाराचे पात्र अनुभवाच्या पाचव्या लेव्हलला पोचले की त्याला तो साधतो. त्यासाठी तांब्याच्या बारीक तारेचा तुकडा लागतो, हा ग्रंथकारांचा मिस्कीलपणा मला नेहमीच आवडत आला आहे. समोरचा मनुष्य दुसऱ्या लोकात असेल तर शंभरात पाच वेळा संदेश पोचत नाही. 2024 च्या सुधारित नियमांत आणखी एक मार्मिक भर पडली: संदेश मिळताच ऐकणाऱ्याला पाठविणाऱ्याची वाट आठ तासांसाठी बंद करून टाकता येते. सावकाराने त्रासलेल्या माणसाला अथवा रुसलेल्या राजकन्येला हा अधिकार असावा, हे न्याय्यच झाले.

'मेसेज' हा कुजबुजीचा मंत्र एकशेवीस फुटांपर्यंतच चालतो, आणि 2014 च्या नियमांप्रमाणे एक फूट दगड, एक इंच साधा धातू, तीन फूट लाकूड किंवा शिशाचा पातळ पत्रा त्याला अडवतो. म्हणजे ज्या सरदाराने आपल्या मसलतखान्याच्या भिंतींना शिशाचे अस्तर दिले आहे त्याच्याविषयी खेळाडूंना काही न सांगताच पुष्कळ सांगून होते. 'ॲनिमल मेसेंजर' मंत्राने एखादा चिमुकला प्राणी पंचवीस शब्दांचा निरोप घेऊन निघतो, उडणारा असल्यास चोवीस तासांत सुमारे पन्नास मैल आणि इतर असल्यास पंचवीस मैल जातो, आणि पाठविणाऱ्याच्याच आवाजात बोलतो; पण ज्याला निरोप द्यायचा त्याचे केवळ वर्णन करावयाचे असल्याने, 'तांबड्या दाढीचा बुटका' एवढेच सांगितले असता त्या गावातील पहिल्या तांबड्या दाढीवाल्याला सर्व गुपित कळण्याचा मार्ग मोकळा राहतो. 'मॅजिक माउथ' एखाद्या मूर्तीच्या वा दाराच्या मुखी पंचवीस शब्द ठेवून देतो आणि ठरविलेली अट पूर्ण होताच ते उच्चारले जातात, मग ती अट शंभर वर्षांनी पूर्ण होवो. हा मंत्र संदेशवहनाचा मानावा की मृत्युपत्राचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. 'ड्रीम' मंत्र निद्रिताच्या स्वप्नात शिरतो, सबब 2014 च्या नियमांप्रमाणे ज्यांना झोपच नाही अशा एल्फांना तो लागू पडत नाही. आणि जागरणाची सवय असलेला प्रधान म्हणजे स्वप्नदूताची मोठीच पंचाईत.

अनेक सूत्रधारांची तक्रार अशी असते की, ही साधने आली की रहस्यकथा मरते: राजवाड्यातील खुनाचा तपास चालू असता टोळी थेट परदेशातील साक्षीदाराला विचारते आणि तीन डावांचे कथानक तीन मिनिटांत आटोपते. तक्रार खरी आहे, पण तिच्यावरील नेहमीचा उपाय, म्हणजे ऐनवेळी संदेश 'कसल्याशा काळ्या शक्तीने' अडविणे, हा मला निंद्य वाटतो. खेळाडूने आपल्या पात्राच्या भात्यातील एक मौल्यवान बाण खर्च केलेला असतो, आणि सूत्रधार तो हवेतच विरघळवितो. असे दुसऱ्यांदा झाले की टेबलावरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळविणे कोणत्याही राक्षसाला मारण्याहून कठीण असते. अडथळा घालायचाच असेल तर त्याची वर्दी आधी मिळाली पाहिजे. खोऱ्यात शिरण्यापूर्वीच गुराख्यांनी सांगावे की, येथे मंत्र मुके होतात. मग खोऱ्याच्या तोंडाशी उभे राहून शेवटचे पंचवीस शब्द कोणाला धाडावयाचे, हाच त्या संध्याकाळचा मुख्य प्रसंग होऊन बसतो. त्याहूनही उत्तम म्हणजे साक्षीदाराला बोलू द्यावे. तो घाबरलेला असेल, लाच खाल्लेला असेल, किंवा त्याने जे पाहिले ते पंचवीस शब्दांत मावणारे नसेल. संदेश पोचला याचा अर्थ सत्य पोचले असा मुळीच होत नाही.

या बाबतीत टोल्कीनच्या 1954-55 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मधील पॅलंटीर नामक पाषाणगोलांचा अभ्यास सूत्रधाराने अवश्य करावा. हे गोल खोटे दृश्य निर्माण करीत नाहीत. पण कथेतील महाशत्रू सॉरॉन याच्या हाती एक गोल लागल्यानंतर, त्यात डोकावणाऱ्या डेनेथोरला काय दिसावे याची निवड शत्रूच्या इच्छेच्या छायेखाली होऊ लागते, आणि खऱ्या दृश्यांच्याच आधारे त्या करारी राज्यपालाचा धीर खचतो. सारुमान हा जादूगार तर त्याच वाटेने अंकित झाला. सत्य सांगणारे साधन आणि निवड करणारा मालक, ही जोडी केव्हाही खोटे बोलणाऱ्या भुताहून अधिक भयंकर. आणि नियमांच्या कोणत्याही पुस्तकाची पर्वा न करता ती आपल्या मोहिमेत आणता येते.

एखाद्या जगात अशी साधने असली तर ती प्रथम कोणाच्या हाती जातील, याही प्रश्नाला सूत्रधाराने एक संध्याकाळ द्यावी. माझ्या मते ती वीरांच्या हाती जाणार नाहीत. धान्याचा भाव एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गलबताच्या आधी ज्याला कळतो त्याच्या हाती जातील. मग राजा त्यावर जकात बसवील, परवान्याशिवाय दगड बाळगणे गुन्हा ठरेल, आणि चोरट्या दगडांचा बाजार भरेल. या दिशेने सर्वांत सुसंगत विचार कीथ बेकरच्या एबेरॉन या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या जगात झालेला आढळतो. तेथे नोम जमातीचे सिव्हिस नावाचे घराणे बोलत्या दगडांच्या संदेशचौक्या चालविते, आणि त्या घराण्याची खरी पुंजी दगड ही नसून, आपण कोणाचाही मजकूर फोडत नाही, ही पत आहे. अशा घराण्यातील एका चौकीवरचा एकच कारकून फितूर झाला आहे अशी कुणकुण खेळाडूंच्या कानी घालून पाहावी. राजकारणाचे निराळे धडे देण्याची गरज उरणार नाही.

स्वतःचे साधन घडवू इच्छिणाऱ्यासाठी एक नमुना देतो. दोन जोडवह्या आहेत. एकीत लिहिलेले दुसरीत तत्काळ उमटते. शब्दांची मर्यादा नाही, दिवसाचेही बंधन नाही. परंतु पाने शहाण्णवच आहेत आणि ती फाडली तर दोन्हीकडून जातात. खोडलेला मजकूरही खोडलेल्या स्थितीत तसाच पलीकडे दिसतो. शिवाय लिहिलेले राहते. मनात उमटून जाणाऱ्या दगडाच्या निरोपाचे दप्तर होत नाही, वहीचे मात्र होते, आणि जो ती हस्तगत करील त्याला मागचा सारा पत्रव्यवहार वाचता येतो, तोही पलीकडच्याला पत्ता न लागता. पाने किती उरली हे खेळाडूंसमोर खऱ्या वहीत दाखवीत जावे. शेवटच्या दहा पानांवर अक्षर किती बारीक होते ते पाहण्यासारखे असते. येथे मर्यादा शब्दांतून पानांत गेली आणि धोका चोरीतून वाचनात गेला. इतर काही न बदलता केवळ एवढ्याने खेळाचा रंग पालटतो.

प्रत्यक्ष टेबलावरील बंदोबस्ताविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. टोळी दुभंगली आणि एकाच खेळाडूला निरोप आला, तर त्याला शेजारच्या खोलीत नेऊन कुजबुजण्याचा मोह आवरावा, कारण बाकीचे चौघे तेवढा वेळ भिंतीकडे पाहत बसतात. त्यापेक्षा निरोपाची चिठ्ठी लिहून हाती द्यावी, आणि ती वाचून दाखवायची, बदलून सांगायची की गिळून टाकायची, हे त्या खेळाडूवर सोडावे. 'रॅरीज टेलिपॅथिक बाँड' या मंत्राने आठजणांपर्यंतची मने तासभर जोडली गेली असतील तेव्हा मात्र चिठ्ठ्यांचा खटाटोप नको. त्या तासात सर्वांनी उघडपणे बोलावे आणि तास संपला की सूत्रधाराने तसे स्पष्ट जाहीर करावे, नाही तर जोडलेली मने डाव संपेपर्यंत जोडलेलीच राहतात. आपल्या टिपणवहीत प्रत्येक जोडीसाठी एक ओळ राखून तीत तीन नोंदी ठेवाव्यात: दुसरा दगड आज कोणाच्या अंगावर आहे, तो इसम सध्या कोठे आहे, आणि आजची देवाणघेवाण झाली की व्हायची आहे. डाव सुरू होण्यापूर्वी ही ओळ नजरेखालून घालावी, आणि खेळाडूंनी दगडाकडे बरेच दिवस पाहिलेले नाही असे दिसले, तर त्या दिवशीचा पहिला संदेश पलीकडून येऊ द्यावा.